किती पैकी किती?

परवा मेसमध्ये समोरच्या बाकावर जोरदार वाद चालला होता. विषय अभ्यासाचा असण्याचं काही कारण नव्हतं. बीजीएमआयची एक मोठी स्पर्धा तोंडावर आलेली, आणि कुठल्या टीमचा विन रेट किती, कोणाचा ॲव्हरेज डॅमेज किती यावर पोरं वरण थंड करून बसली होती. शेवटी एकाने मोबाईलच सगळ्यांपुढे धरला. "हे बघा, पंच्याहत्तर टक्के! संपला विषय." मी विचारलं, "किती पैकी?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या ताटातला पापड मागितला.

मित्रांनो, हा सगळा लेख त्या पापडाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर 'हा गेमच्या विरोधात लिहितोय' म्हणून रात्री माझ्या दारावर थापा पडतील. ई-स्पोर्ट्सच्या आकडेवारीत गेल्या काही वर्षांत जे नवीन नवीन आलं आहे, ते मला मनापासून आवडतं. पूर्वी कोण जिंकलं आणि कोण हरलं एवढंच कळायचं. आता स्पर्धेच्या आधीच टीमची कुंडली समोर येते. कोण कुठे उतरतं, कोणाच्या विरुद्ध कसं खेळतं, कोणता मॅप जमतो, कोणता जमत नाही. डोटा २ मध्ये तर प्रत्येक सामन्याची रिप्ले फाईल तयार होते. प्रोग्राम ती फाईल वाचतो आणि खेळाडूने दर मिनिटाला किती गोल्ड कमावलं, कोणता हिरो कितीदा निवडला, कितीदा बॅन झाला, सगळं तक्त्यात मांडून देतो. शंभराच्या वर हिरो आणि त्यातून पाच आपले, पाच त्यांचे. हा तक्ता नसेल तर माणसाने लक्षात तरी काय काय ठेवायचं? आणि हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे असंही नाही. एप्रिल २०१९ मध्ये डोटाची ईएसएल वन स्पर्धा आपल्या मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाली होती.

मी धाडचा. बुलढाणा तालुक्यातलं, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचं गाव. तिथे गेमिंगचा कोच सोडा, कॅरमचासुद्धा कोच नाही. नेटची रेंज हवी असेल तर गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीच्या उजव्या बाजूला. अशा गावातल्या पोराला देशातल्या पहिल्या दहा टीम कशा खेळतात हे शिकवणार कोण? मला हे आकड्यांनीच शिकवलं. मी दोन वर्षं पोचिंकीत उडी मारून पहिल्या दोन मिनिटांत मरत होतो आणि त्याला शौर्य समजत होतो. मोठ्या टीमचे तक्ते पाहिले तेव्हा कळलं की ही मंडळी आपली ठरलेली जागा सोडून उगाच कोणाच्या अंगावर जात नाहीत, दारूगोळा शेवटच्या सर्कलसाठी राखून ठेवतात. हे मला कोणी तोंडी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

चांगला आकडा झाकलेलं काम उघडं करतो, हाही त्याचा मोठा उपयोग आहे. कबड्डीतलं उदाहरण घ्या. रेडरला कॉर्नरने पकडलं की टॅकलचा गुण कॉर्नरच्या नावावर. त्याचा हात धरून चेन करणाऱ्या गड्याच्या नावावर बहुतेक वेळा काहीच लागत नाही. काउंटर स्ट्राइकमध्येही वर्षानुवर्षं ज्याचे किल जास्त तो मोठा, असंच होतं. मग 'कास्ट' नावाचा आकडा आला. खेळाडूने किती टक्के राऊंडमध्ये किल घेतला, किंवा किलला मदत केली, किंवा जिवंत राहिला, किंवा तो मेल्यावर लगेच जोडीदाराने बदला घेतला, हे तो मोजतो. म्हणजे चेन करणाऱ्या गड्याची नोंद झाली! असा आकडा शोधून काढणाऱ्याला मी दंडवत घालायला तयार आहे.

आता रडगाणं.

मागच्या वर्षी गॅदरिंगच्या वेळी हॉस्टेलमध्ये बीजीएमआयच्या टीडीएमची स्पर्धा झाली. चार विरुद्ध चार, नॉकआउट. मी उत्साहाच्या भरात एक वही केली. आधीचे सराव सामने लिहून ठेवले, प्रत्येक टीमची टक्केवारी काढली आणि वरच्या ओळीत लाल पेनाने लिहिलं: थर्ड फ्लोअर, ७५ टक्के. खाली रेघ, आणि रेघेखाली आणखी एक रेघ. सबमिशनच्या जर्नलला नसेल इतकी सुबक वही! ती विंगभर फिरली. मला फार भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

थर्ड फ्लोअर पहिल्याच फेरीत हरले.

त्याचं काही नाही, खेळ आहे. पण रात्री कळलं की माझ्या रूममेटने माझ्या त्या वहीवर भरवसा ठेवून दीड हजार रुपये लावले होते. मेसचे पैसे. घरून आलेले, कापूस विकून आलेले. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, हेच जास्त लागलं. पुढचे काही आठवडे तो संध्याकाळी 'भूक नाही' म्हणायचा आणि घरून आणलेल्या चिवड्याचा डबा काढायचा. मग मी माझं ताट रूमवर आणायला लागलो आणि दोघं त्यात खायचो.

त्या ७५ टक्क्यांखाली काय होतं? चार सामने. चारपैकी तीन जिंकलेले. त्यातले दोन फर्स्ट इयरच्या पोरांविरुद्ध, ज्यांना तेव्हा गच्चीवर जायची परवानगीसुद्धा नव्हती, सराव कुठला? नाणं चार वेळा उडवलं तर तीन किंवा चार छापे पडण्याची शक्यता सोळात पाच, म्हणजे ३१ टक्के आहे. एम-फोरच्या पेपरात हे गणित मी बरोबर सोडवलं होतं. वहीत मात्र अंश लिहिला आणि छेद खाऊन टाकला.

मोठ्या स्पर्धांतही छेद फार मोठा नसतो, हे आपल्या लक्षात येत नाही. बीजीएमआयच्या सामन्यात सोळा टीम उतरतात. फायनल तीन दिवस, रोज सहा सामने धरा. झाले अठरा. आता समजा सोळाही टीम अगदी सारख्या ताकदीच्या आहेत, कोणी कोणापेक्षा तसूभर सरस नाही. तरी बायनॉमियलने काढून बघा: साधारण पाच टीमना अठरा सामन्यांत एकही चिकन डिनर मिळणार नाही, आणि एखाद-दोन टीमना तीन किंवा त्याहून जास्त मिळतील. निव्वळ नशिबाने! पुढच्या स्पर्धेच्या आधी मात्र तक्त्यात पहिल्या पाच टीमपुढे शून्य दिसणार आणि आपण मेसमध्ये म्हणणार, "ह्यांच्यात दम नाही." त्या एखाद-दोन टीमच्या कॅप्टनला मात्र आपण डीपीला लावणार.

तरी सोळा टीम खरंच सारख्या नसतात, हे मलाही कळतं. फिनिशचे गुण, टिकून राहण्याचे गुण असा सगळा मिळून हिशोब केला की नशिबाचा वाटा बराच कमी होतो. म्हणूनच नुसत्या डिनरच्या टक्केवारीपेक्षा ते आकडे जास्त कामाचे. पण स्क्रीनवर मोठ्या अक्षरात काय झळकतं? टक्केवारी.

डोटाच्या जगात याचं मोठं उदाहरण होऊन गेलं. २०१८ च्या 'द इंटरनॅशनल'ला तीन महिने उरले असताना ओजी या टीमचे दोन खेळाडू दुसऱ्या टीमकडे गेले. मग कोचच खेळायला उतरला, जुना एक खेळाडू परत बोलावला, आणि टॉपसन नावाचा फिनलंडचा नवखा मुलगा घेतला. ओपन क्वालिफायरमधून, म्हणजे अगदी दारातल्या रांगेतून, ही टीम आत शिरली. या पाच जणांनी एकत्र खेळलेले सामनेच मोजके, मग त्यांचा आकडा सांगणार तरी काय? कोणी त्यांना फार जमेत धरलं नव्हतं. ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला त्यांनी फायनलमध्ये पीएसजी एलजीडीला ३-२ ने हरवलं. पुढच्या वर्षी शांघायला पुन्हा जिंकले. तक्ते चुकीचे नव्हते. तक्त्यांकडे त्या पाच जणांबद्दल माहितीच नव्हती, आणि लोकांनी माहिती नसण्याला कमजोरी समजलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कधी कधी छेदही ठीक असतो, आकडाही खरा असतो, पण तो तिथेच का थांबला हे आकड्यात नसतं. आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांचे ४४३ नाबाद घ्या. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आलेला. आणि काठियावाडच्या कप्तानाने पुढे खेळायलाच नकार दिला! सामना सोडून दिला. पुस्तकात ४४३* एवढंच. त्या चांदणीच्या मागे एवढी मोठी भानगड आहे हे नुसता तक्ता वाचणाऱ्याला कसं कळावं? आपल्याकडे तर सामना चालू असताना लाइट जाते, एखाद्याचा डेटा पॅक संपतो. तोही तक्त्यात 'पराभव' म्हणूनच लागतो.

पीएलला घरी गेलो तेव्हा हे सगळं बाबांच्या कानावर घातलं. रूममेटच्या पैशांचंही सांगितलं. अक्षय्य तृतीया नुकतीच झाली होती आणि ते पेपरात भेंडवळची घटमांडणी वाचत होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भेंडवळ आमच्याच जिल्ह्यात, पण घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं, पापड, कुरडई ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पाऊस कसा, पीक कसं ते सांगतात. बाबा दरवर्षी ते वाचतात, अगदी चष्मा पुसून वाचतात. मी म्हटलं, "मग यंदा सोयाबीन वाढवायचं का?" तर म्हणाले, "वाचाले काय लागते? तिफण मात्र ओल पाह्यल्याशिवाय काढाची नाही." मृगाचा पाऊस झाला की ते स्वतः वावरात जातात, हाताने माती उकरतात, ओल किती खोल गेली ते बघतात. भेंडवळने काहीही सांगितलेलं असो.

रूममेटच्या पैशांबद्दल ते काही बोलले नाहीत. जाताना दोन डबे चिवडा बांधून दिला, एकावर त्याचं नाव.

आता थोडं रेक्टर सर आणि स्टाफसाठी. सर, आकडे बघणारा प्रत्येक मुलगा पैसे लावतोच असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा मंजूर केला, त्यातही ई-स्पोर्ट्स एका बाजूला आणि पैसे लावून खेळायचे खेळ दुसऱ्या बाजूला ठेवले, आणि बंदी दुसऱ्यावर घातली. ही रेघ कायद्याने ओढली खरी. पण हॉस्टेलच्या रूममध्ये, रात्री दीड वाजता, ती रेघ ओलांडायला ॲप लागत नाही. एक सुबक वही पुरते, हे मी बघितलंय. मोबाईल जप्त करून ती वही जप्त होत नाही. त्यापेक्षा एम-फोरच्या सरांनी बायनॉमियल शिकवताना फासे आणि पत्ते बाजूला ठेवून एकदा सोळा टीम आणि अठरा सामने घ्यावेत. मागची बाकंसुद्धा जागी राहतील, माझी खात्री आहे. (सर, हे विनंतीवजा आहे. इंटर्नलचे मार्क अजून यायचेत.)

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. यंदाच्या गॅदरिंगची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. वही मी पुन्हा केली आहे. यावेळी टक्क्यांचा रकाना ठेवलेलाच नाही. रकाने असे आहेत: सामने किती, जिंकले किती, समोर कोण होतं, गेमच्या कोणत्या अपडेटनंतरचा सामना, आणि शेवटचा रकाना 'लाइट होती का?' हा रकाना माझ्या रूममेटने सुचवला. पहिली नोंदही त्यानेच केली आहे: थर्ड फ्लोअर, दोनपैकी एक, समोर मेसचे वाढपी, लाइट होती.

वही रूम नंबर २७ मध्ये टेबलावर आहे. रात्री दहापर्यंत कोणीही येऊन आपापले सामने लिहावेत, हरलेलेसुद्धा. पेन मात्र सोबत आणा. मागच्या वेळी दिलेले तीन अजून परत आलेले नाहीत. चारपैकी तीन.