डोंगरगडची लोकल आणि आजीचा हुंकार

मामंजी गेल्यापासून सासूबाईंनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. भिलाईला रुआबांध्यात नणंदेकडे गेलो, तेव्हाही ‘तुम्ही जा, मी घर सांभाळते’ हेच पालुपद. शेवटी भाचा अडून बसला, ‘आजी नाही तर मीही नाही!’ झालं, पुरीभाजीचे डबे भरले आणि भिलाई नगर स्टेशनवर सगळे डोंगरगडच्या लोकलमध्ये चढलो.

बम्लेश्वरीच्या डोंगराला हजारावर पायऱ्या. सासूबाईंना रोपवेनं नेलं. दर्शन छान झालं, पण त्यांचा चेहरा तसाच. परतताना खिडकीला डोकं टेकून गप्प. आता रात्री कार्यक्रमाला नको, असं मी यांना म्हटलंही. पण ऐकतो कोण!

घराजवळच्या मैदानात पंडवानी होती. २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाईंचं गनियारी गाव भिलाईजवळच. पूर्वी बायकांनी पंडवानी बसूनच गायची अशी रीत होती. तीजनबाई उभ्या राहून, पुरुषांच्या कापालिक शैलीत गायल्या. इथली गायिकाही उभीच होती. हातातला तंबुरा घटकेत भीमाची गदा, घटकेत अर्जुनाचं धनुष्य! साथीला बसलेला ‘रागी’ वाक्यावाक्याला हुंकार देई, मध्येच खोचक प्रश्न विचारी. छत्तीसगढी आम्हाला कळत होती अर्धीमुर्धीच.

कीचकवध रंगात आला आणि शेजारून ‘हं!’ ऐकू आलं. सासूबाई! रागीच्या जोडीनं त्या हुंकार देत होत्या. गावच्या कीर्तनात मामंजी टाळ घेऊन मागे उभे राहायचे, ते आठवून माझेच डोळे भरले.

घरी परतताना त्यांनीच भाच्याला विचारलं, ‘‘उद्या पुढची कथा आहे का रे?’’