घर राखले, पण देखावा?

राजारामपुरीतल्या 'निसर्ग' बंगल्यात मी पहिल्यांदा गेलो तो आजीच्या हट्टामुळे. तिच्या लेखी चंद्रकांत मांडरे म्हणजे भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या 'छत्रपती शिवाजी'तले महाराज. पण आत भिंतीभर लावलेली झाडे, डोंगर नि पाणवठे पाहून ती थबकली. म्हणाली, "हे समदं ह्यांनीच काढलं व्हय रं?"

बाबूराव पेंटरांच्या या शिष्याने आपले राहते घर चित्रांसकट शासनाच्या हवाली केले. २००१ साली ते वारले. घर राहिले, चित्रे राहिली. निसर्गचित्रकाराचे घर असे जपले जाणे ही आपल्याकडे लहान गोष्ट नव्हे.

हे आठवायचे कारण असे की, यंदा आमच्या कलामंडळात आबालाल रहिमान यांच्या स्मारकाचा विषय निघाला. कोणी अर्धपुतळा सुचवला, कोणी कमान, तर कोणी सभागृह. मी एकट्याने विरोध केला आणि "तुला आबालालांविषयी आदर नाही," हेही ऐकून घेतले. तिथे बोलताना अडखळलो, म्हणून ते इथे लिहितो आहे.

आबालाल सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मुंबईत नाव कमावता आले असते, पण ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. कोटितीर्थाच्या काठी त्यांचे वास्तव्य होते, असे जुनी माणसे सांगतात. तेच तळे, तोच काठ, पण सकाळचा प्रकाश वेगळा आणि दिवे लागणीचा वेगळा, हे त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवले. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा आबालालांनी दुःखाच्या भरात आपली असंख्य चित्रे या तळ्यातच बुडवली, ही हकीकत तर कोल्हापुरात घरोघर ठाऊक आहे. १९३१ साली तेही गेले.

आता सांगा, या माणसाचा स्टुडिओ कोणता? चार भिंती की ते पाणी? मागच्या महिन्यात मी स्केचबुक घेऊन काठावर बसलो होतो. निर्माल्याच्या पिशव्या आणि हिरवा तवंग कागदावर घ्यावा की वगळावा, यातच अर्धा तास गेला. (शेवटी वगळला. तो माझा खोटेपणा.) अशा काठावर संगमरवरी पुतळा बसवून आपण त्याला काय पाहायला लावणार?

अमेरिकेत हडसन नदीकाठच्या टेकडीवर फ्रेडरिक चर्च या निसर्गचित्रकाराचे 'ओलाना' नावाचे घर आहे. १९६६ साली न्यूयॉर्क राज्याने ते विकत घेऊन वाचवले. पुढे नदीपलीकडे अणुवीज केंद्र काढण्याची योजना आली. घराच्या एका विटेलाही त्याचा धक्का लागणार नव्हता. बिघडणार होता तो तिथून दिसणारा देखावा. तरीही १९७९ साली अणुनियामक आयोगाच्या तज्ज्ञांनी परवानगी देऊ नये असा अभिप्राय दिला, आणि त्यात देखाव्याची हानी हे ठळक कारण होते. योजना मागे पडली. तिथल्या लोकांना घराइतकीच खिडकीबाहेरची नदीही चित्रकाराची वाटली.

"तळे साफ करणे हे काय चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचे काम?" असे एका ज्येष्ठ मित्राने विचारले. काम नगरपालन करणाऱ्यांचे, हे मान्य. पण मागणी करणारा कोणी हवा की नको?

माझी सूचना साधी आहे. टाउन हॉल संग्रहालयात आबालालांची चित्रे आहेत. त्यांतल्या एखाद्या निसर्गचित्राची चांगली प्रत रीतसर परवानगीने काढून कोटितीर्थाच्या काठी चौकटीत लावावी. येणाऱ्याने आधी चित्र पाहावे, मग मान वळवून पाणी पाहावे. मंडळाच्या शिलकीत एवढा खर्च बसतो, मी आकडेमोड करून पाहिली आहे. अर्ज लिहून तयार आहे. खाली सह्या तेवढ्या हव्यात.