पडदा मोठा करा, आवाज नको

घरात थिएटर असावं ही हौस जुनी आहे. अडचण होती ती जागेची आणि शेजाऱ्यांची. समोर तीन स्पीकर, मागच्या बाजूला दोन आणि कोपऱ्यात धडधडणारा सबवूफर ही ५.१ ची मांडणी दोन खोल्यांच्या घरात करायची म्हटली, तर माणसांनी बसायचं कुठे? आता हा प्रश्न डोक्यावर चढवायच्या एका यंत्राने सोडवला आहे. व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट घातला, की समोर थिएटरएवढा पडदा उभा राहतो, दिवे मंद होतात आणि आवाज चहूबाजूंनी येऊ लागतो. बाकीचं घर झोपलेलं असलं तरी कुणाची झोपमोड होत नाही.

ही सोय मला वाईट वाटत नाही. लहान घरात राहणाऱ्याला मोठ्या पडद्याचं सुख मिळत असेल, तर त्यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. पण या यंत्राबद्दल घरोघरी जी काळजी केली जाते, ती चुकीच्या इंद्रियाची आहे. ‘डॉक्टर, डोळे बिघडतील का?’ असं सगळे विचारतात. कानाचं कुणीच विचारत नाही.

आधी डोळ्यांचं पाहू. हेडसेटमधला पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला, तरी भिंगांमुळे डोळ्यांना तो साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखा भासतो. आभासी खेळात एखादी वस्तू नाकासमोर आली, की दोन्ही डोळे आत वळतात, पण नजर मात्र त्या ठरलेल्या अंतरावरच रोखलेली ठेवावी लागते. या ओढाताणीने डोळे शिणतात, डोकं दुखतं. सिनेमाचा पडदा लांब मांडलेला असतो, त्यामुळे ही ओढाताण बरीच कमी होते. आपण बसलेले आणि आभासी थिएटरही जागच्या जागी, म्हणून खेळांच्या मानाने मळमळही कमी. उरतो पापण्या कमी लवल्याने येणारा कोरडेपणा आणि मानेवरचं अर्धा किलोच्या आसपासचं वजन. हे दोन्ही त्रास लगेच जाणवतात आणि माणूस आपणहून हेडसेट काढून ठेवतो. कान मात्र अशी तक्रार वेळेवर करत नाही.

दोनच कानांना चहूबाजूंचा आवाज कसा ऐकवला जातो, हे समजून घेतलं की पुढचा मुद्दा स्पष्ट होतो. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित मंद पोचतो. या दोन खुणांवरून मेंदू दिशा ओळखतो, हे लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मांडलं. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे पंधराशेव्या भागाएवढा असतो. तेवढाही मेंदूला पुरतो. आवाज पुढून आला की मागून, वरून आला की खालून, हे ओळखायला बाहेरच्या कानाच्या वळ्या आणि खाचा मदत करतात. हेडसेट हेच सगळं गणित करून प्रत्येक कानात वेगळा आवाज सोडतो. आपण मान वळवली की गणितही बदलतो, म्हणून पडद्याचा आवाज पडद्याकडूनच येत राहतो.

आता लक्षात घ्या, या गणितात आवाज मोठा असण्याची अट कुठेच नाही. भास निर्माण होतो तो वेळेच्या सूक्ष्म फरकातून. हेलिकॉप्टर डोक्यावरून जायचं असेल, तर ते बेताच्या आवाजातही जातं.

मग लोक आवाज वाढवतात का? पहिलं कारण शरीराचं आहे. थिएटरमधला स्फोट आपण नुसता ऐकत नाही. तो छातीत आणि खुर्चीत जाणवतो. हेडसेटला छाती हलवता येत नाही. ती उणीव भरून काढायला हात आवाजाच्या बटणाकडे जातो. दुसरं कारण घराचं. अनेक हेडसेटमध्ये स्पीकर कानाजवळ असतात, पण कान उघडाच राहतो. पंखा, मिक्सर, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न हे सगळं त्यात मिसळतं आणि संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज चढत जातो. तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. स्पीकर लावून सिनेमा पाहताना ‘अरे, आवाज कमी कर’ असं कुणीतरी ओरडतं. आई ओरडते, नाहीतर शेजारचे काका बेल वाजवतात. हेडफोन लावल्यावर हे ओरडणारं माणूस उरत नाही.

आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांच्या कानाला आठवड्याला सरासरी ८० डेसिबलचा आवाज ४० तास चालतो. ९० डेसिबलला ही मुदत चार तासांवर येते आणि १०० डेसिबलला अवघ्या वीस मिनिटांवर. म्हणजे अडीच तासांचा एक सिनेमा सरासरी ९० डेसिबलने पाहिला, तर आठवड्याच्या कोट्यातला निम्म्याहून अधिक वाटा एका रात्रीत संपला. लोकलमधली गाणी, मोबाईलवरच्या बैठका आणि रस्त्यावरचा गोंगाट यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

हा कोटा ओलांडला की काय होतं? आतल्या कानात, शंखासारख्या वेटोळ्या अवयवात, सुमारे पंधरा हजार संवेदनशील पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा फटका बहुधा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. त्यामुळे सुरुवातीला ‘ऐकू येत नाही’ अशी तक्रार नसते. ‘ऐकू येतं, पण गर्दीत शब्द कळत नाहीत’ अशी असते, कारण स, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. काहींना कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं होतं. बाह्यरुग्ण विभागात अशी तक्रार घेऊन आलेल्या तरुणाला मी श्रवणयंत्र सुचवू शकतो. गेलेल्या पेशी परत आणून देऊ शकत नाही.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यात आहे. तुमच्या स्पीकरपासून शेजाऱ्याला हे नियम वाचवतात. तुमच्या हेडफोनपासून तुमच्या कानाला नाही. यावर उपाय तयार आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये सुरक्षित ऐकण्याचं मानक आणलं. आठवडाभर किती आवाज ऐकला हे उपकरणानेच मोजावं, मर्यादा जवळ आली की इशारा द्यावा आणि पालकांना आवाजावर कुलूप लावता यावं, असं ते सांगतं. पण ते ऐच्छिक आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हेडसेटला ते सक्तीचं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उपकरणाला आपली मान किती अंशांनी वळली हे मोजता येतं, तर आपण किती आवाज ऐकला हे मोजणं त्याला अवघड नाही.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. आवाज सिनेमा सुरू होण्याआधी, खोली शांत असताना ठरवा आणि मारामारीच्या प्रसंगात बटणाला हात लावू नका. घरात गोंगाट असेल, तर आवाज वाढवण्यापेक्षा बाहेरचा आवाज रोखणारे इयरफोन वापरा; मात्र गॅसवर काही ठेवलं असेल किंवा घरात तान्हं मूल असेल तेव्हा ते नकोत. आपल्या सिनेमाला मध्यंतर असतं, ते हेडसेटमध्येही पाळा: दहा मिनिटं कान, डोळे आणि मान तिघांनाही सुट्टी द्या. मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबलची आहे. ती त्यांच्या हाती हेडसेट देण्याआधीच लावून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना नेहमीच आवाज वाढवावा लागत असेल, तर हेडसेट घेण्याआधी त्यांची श्रवणचाचणी करून घ्या.

आणि सिनेमा संपल्यावर कान दडल्यासारखे वाटले किंवा आत किणकिण सुरू झाली, तर ती सिनेमाच्या थराराची खूण समजू नका. आज कानाला सोसवलं त्यापेक्षा जास्त झालं, एवढाच तिचा अर्थ. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी पुढच्या वेळी आवाज दोन घरं खाली आणा. किणकिण दोन-तीन दिवसांत थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ऐकू येणं एकदम कमी झालं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.