गाडी चढाला धापा टाकतेय? इंजिन उघडण्याआधी कन्व्हर्टर तपासा

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार वारंवार घडले. चोरांना हवा होता तो पत्रा नव्हे, तर आतली 'माती'. सायलेन्सरच्या पाईपात बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. चोरांना हा भाग नेमका माहीत आहे. गाडीच्या मालकाला मात्र तो चोरीला गेल्यावर किंवा खराब झाल्यावरच कळतो, आणि तोवर खिशाला हजारोंची कात्री लागलेली असते.

हा भाग करतो काय?
पेट्रोल आणि सीएनजी गाडीत इंजिनातून निघणारा विषारी धूर मधाच्या पोळ्यासारख्या बारीक जाळीतून जातो. जाळीवरच्या धातूंमुळे त्यातले विषारी वायू बरेचसे निरुपद्रवी होतात. ही जाळी चोंदली, वितळली किंवा फुटली की गाडी बोलायला लागते. फक्त ते ऐकू आलं पाहिजे.

ही लक्षणं ओळखा
- रिकामी गाडी बरी चालते, पण माणसं भरली किंवा घाट लागला की पिकअप मिळत नाही. ॲक्सिलेटर दाबला तरी गाडी उठत नाही. धूर बाहेर पडायला वाट नसल्याने इंजिन कोंडतं.
- ॲव्हरेज हळूहळू कमी होतं.
- धुराला सडक्या अंड्यासारखा वास येतो.
- गाडी सुरू करताना किंवा खड्ड्यात गाडीखालून डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट येतो. आतली जाळी फुटल्याची ही खूण.
- डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनरवर 'पी ०४२०' हा कोड येतो.
- पीयूसीत गाडी नापास होते.

सकाळी गाडी सुरू करताच अचानक ट्रॅक्टरसारखा फाड-फाड आवाज आला, तर मात्र खाली वाकून बघा. कन्व्हर्टर खराब नव्हे, चोरीला गेलेला असू शकतो.

खरा दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच
कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला मारलं जातं. प्लग किंवा कॉइल खराब होऊन इंजिन मिसिंग करत असेल तर न जळलेलं पेट्रोल थेट जाळीवर जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर जाळीवर थर बसतो. भेसळीचं पेट्रोलही घातक. म्हणजे काही शेकड्यांच्या प्लगची टाळाटाळ हजारोंच्या भागावर येते. मूळ दोष न काढता नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही तसाच जातो.

उलटही घडतं. 'पी ०४२०' कोड आला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच असं नाही. ऑक्सिजन सेन्सर खराब असला किंवा पाईप लीक असला तरी तोच कोड येऊ शकतो. म्हणून आधी तपासणी, मग खर्च.

'काढून टाका' हा सल्ला महागात
काही ठिकाणी कन्व्हर्टर काढून सरळ पाईप टाकण्याचा सल्ला मिळतो. गाडी तात्पुरती पळते, पण धूर विषारी होतो. प्रदूषणाचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय काढलेला जुना कन्व्हर्टर भंगार म्हणून गॅरेजमध्येच राहतो, आणि त्यातल्या मातीला बाजारात किंमत आहे. तो भाग गाडीमालकाचा आहे. बदलला तर जुना परत मागून घ्यावा, किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.

खळ्यावर, शेतात जपून
कन्व्हर्टर चालू गाडीत कित्येकशे अंश तापतो. चोंदलेला किंवा मिसिंगमुळे पेटलेला त्याहून जास्त. उन्हाळ्यात वाळलेलं गवत, उसाचं पाचट, गव्हाचा भुसा यावर गाडी उभी केली तर खालून आग लागू शकते. गाडीखालून जळका वास आला तर आधी गाडी मोकळ्या जागेत घ्यावी.

वडापवाले, दूधवाले आणि शाळेची मुलं नेणाऱ्यांचं पोट याच गाड्यांवर आहे. पिवळा दिवा लागल्यावर 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणण्यापेक्षा त्याच दिवशी प्लग तपासून घेणं स्वस्त पडतं.