सगळीच शीर नसते

आमच्या गावात सगळ्यालाच शीर म्हणतात. हाताच्या मागच्या बाजूला निळी दिसते ती शीर. कोपर आपटून झिणझिण्या आल्या तरी शीर. पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढली. मला हे पटत नाही. गुरुजी सांगतात, शरीर ऊतींचे बनलेले आहे आणि प्रत्येक ऊतीचे काम निराळे. निळी दिसते ती रक्तवाहिनी. झिणझिण्या येतात त्या मज्जातंतूमुळे. गोळा येतो तो स्नायूला. आणि टाचेच्या वर दोरीसारखे कडक लागते तो स्नायुरज्जू. तो स्नायूला हाडाशी बांधतो. हात लावून बघा.

उन्हाळ्यात चारा कापताना आमच्या दादांच्या बोटाला विळा लागला. सगळे म्हणाले, शीर कापली, रक्त थांबलं की झालं. हळद भरली, चिंधी बांधली. रक्त थांबलं, पण बोट वाकेना. महिन्याने डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, स्नायुरज्जू तुटलाय, त्याच दिवशी यायला पाहिजे होतं. म्हणून माझे मत असे आहे की ही नावे मोठ्या माणसांनीसुद्धा पाठ करावीत. आजी म्हणते, नावानं काय बोट वाकतंय होय? आता नाही वाकत. दादा धार काढतात तेव्हा ते एक बोट सरळच राहते.