उतारावरची झाडं वाकडी का?

परवा शनिवारी एका मित्राबरोबर मुळशीच्या बाजूला प्लॉट बघायला गेलो होतो. (घ्यायचाय त्याला, मी आपला येताना मिसळ मिळेल म्हणून.) जेसीबीने डोंगर कापून केलेल्या पायऱ्या, आणि 'व्हॅली व्ह्यू'चे दर वेगळे! कापलेल्या दरडीच्या वर पाहिलं तर झाडं दरीकडे झुकलेली. विचारलं, तर एजंट म्हणाला, "उतारावर झाडं वाकडीच वाढतात, साहेब." मित्राने मान डोलावली. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

घरी येऊन वाचलं. साफ चूक! झाडाला उताराशी काही देणंघेणं नसतं. पेशींमधले स्टार्चचे जड कण तळाशी बसतात आणि त्यावरून खाली कुठे, वर कुठे ते झाडाला कळतं. मोबाइलमधला ॲक्सिलरोमीटरच म्हणा ना. थॉमस नाईट नावाच्या इंग्रजाने १८०६ साली पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधून पाहिल्या. मुळं चाकाबाहेर वाढली, अंकुर मध्याकडे. म्हणजे बियांना जोर कळतो, जमीन नाही. भन्नाट डोकं!

मग झुकतात का? कधी उजेडासाठी. एका अंगाला डोंगर, तेव्हा फांद्या मोकळ्या दरीकडे पसरणारच. पण खोड बुंध्यातच वाकलेलं आणि शेंडा पुन्हा सरळ वर गेलेला असेल, तर खालची माती हळूहळू सरकत असण्याची शक्यता असते. वर्षाला काही मिलिमीटर, डोळ्यांना दिसतही नाही. माती झाडाला कलवते, झाड स्वतःला सावरतं. आपल्याकडच्या रुंद पानांच्या झाडांत कललेल्या खोडाच्या वरच्या बाजूला वेगळं लाकूड तयार होतं आणि ते खोडाला मागे ओढतं. पाइनसारख्या झाडांत उलट, ते खालच्या बाजूने ढकलतं. वर्षानुवर्षं हे चालतं आणि बुंध्याला बाक येतो. थोडक्यात, जमिनीची लॉग फाइल.

आता एका वाकड्या झाडावरून कुणी घाबरू नये. पण सगळीच एका दिशेला, बुंध्यातून वाकलेली, आणि त्यांच्याच खाली डोंगराचा पायथा कापलेला? वरच्या मातीला टेकू होता तोच काढला. पावसात पाणी मुरलं की मातीचं वजन वाढतं, पकड सुटते. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये दीडशेच्या वर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. दोन्हीकडे मुसळधार पाऊस होता.

आपण फ्लॅट घेताना फरशी ठोकून बघतो, प्लॉट घेताना सातबारा चारदा वाचतो. माती तपासल्याचा रिपोर्ट मात्र कोणी मागत नाही. आणि प्लॉट बघायला जातो ते जानेवारीत, हवा छान असते म्हणून! माझं म्हणणं, जुलैत जा, आणि दरीकडे पाठ करून आधी वर बघा.

रात्रीच मित्राला फोन केला. टोकन द्यायचं होतं सोमवारी. त्याने एजंटला रिपोर्ट मागितला. उत्तर आलं, "साहेब, आजवर कोणीच मागितला नाही."

टोकन अजून दिलेलं नाही. व्ह्यू मात्र त्याच्या डोक्यातून जात नाहीये.