मनीचे नखरे, आपला खिसा

महिनाअखेरीला आपण वडापाववर दिवस काढतो. पण रूमवरची मनी? महागातलं पाऊच फोडून समोर ठेवलं तरी नुसतं हुंगते आणि शेपटी उडवत निघून जाते. मग कुणीतरी म्हणतंच, ‘राहू दे उपाशी, भूक लागली की खाईल गपगुमान.’ हे साफ चूक आहे. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. दिवसभर तोंड लावलं नाही, तर थेट डॉक्टर गाठा.

नखरेल मांजराला महागच लागतं, असं नाही. किमतीआधी पाकिटाची मागची बाजू वाचा. ‘कम्प्लीट’ लिहिलंय की ‘कॉम्प्लिमेंटरी’? दुसरं म्हणजे निव्वळ तोंडी लावणं, त्यावर मांजर पोसता येत नाही. मांजराला टॉरिन लागतं, ते मांस-मासळीत असतं; दूध-पोळीवर भागत नाही.

मग 100 ग्रॅमचा भाव काढा. समजा, 70 ग्रॅमचं पाऊच 35 रुपयांना, म्हणजे शंभराला 50. तेच 85 ग्रॅमचं 40 ला, म्हणजे शंभराला 47. स्वस्त दिसतं ते महाग पडतं!

फ्रिजमधलं अन्न कोमट करून द्या. वास सुटला की मनी वळते. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदला. आधी एकच पाऊच आणा, डझनाच्या ऑफरला भुलू नका.

आणि हो, रूमच्या काँट्रीत मनीचाही वाटा धरा. रीलमध्ये ती सगळ्यांची असते, मग जेवणाच्या वेळी एकाचीच का?